घरची ज्वारी

शाळेसाठी बुलढाण्याला राहणाऱ्या आम्ही मुली रुखमामावशींच्या खानावळीत जेवायचो. प्रत्येकीच्या घरून तिच्या वाट्याची ज्वारी यायची. "आज तुह्या वावरातली भाकर हाय," मावशी कधीमधी कानात सांगायच्या. त्या दिवशी मला एक भाकर जास्तच जायची. एकदा मी तोऱ्यात शेजारी बसलेल्या कावेरीला म्हटलं, "आज आमच्या बीबी गावची भाकर खाऊन राह्यली तू."

"मले तं मावशीनं चिखलीची सांगितली, आमच्या घरची."

दोघी तडक चुलीपाशी गेलो. "मावशी, काऊन खोटं बोलता?"

"सगळ्यायची ज्वारी एकत्रच दळतो, पोरीहो. पण घरची म्हटलं का तुम्ही पोटभर जेवता."

"मंग तुमच्या घरची कोणती?"

मावशींनी तव्यावरची भाकर उलटली.

"मले कोण पाठवते, बाई?"