फलाहार

मागच्या संकष्टीला सेजलने चुकून बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला, तेव्हा गव्हाचा कण पोटात गेला की उपास मोडलाच, असा निवाडा डिचोलीच्या दत्तप्रसादांनी आपल्या या सुनेला सुनावला होता. आज पुन्हा संकष्टी. नवऱ्याच्या डब्यासाठी तिने नारळ-बदामाच्या वड्या चॉकलेटात बुडवून गार करायला ठेवल्या, आणि उपास धरलेले सासरे ताटाशेजारी ठाण मांडून बसले.

"नारळ फळ, बदाम फळ, आणि कोकोही झाडालाच लागतो," असे प्रतिपादन करत त्यांनी अर्धे ताट रिकामे केले. सेजल मध्ये काही सांगू पाहत होती, पण प्रतिपादनात खंड पडलेला त्यांना खपत नसे.

"वडी सुरेख आळली आहे गे. कशाने?"

"रव्याने. नारळाच्या वडीत आपल्या गोव्याच्या कोकाद मिठाईसारखा रवा हवाच, असं तुम्हीच सांगितलेलं ना, बाबा."

दत्तप्रसादांचा हात ताटावर थबकला. सेजल निवाड्याची वाट पाहत उभी राहिली.

 

"गहू म्हणजे तरी काय," पुढची वडी उचलत ते म्हणाले, "गवताचं फळच."