बाबांची पोटदुखी

पालकसभेत सगळ्यांसमोर बाबा म्हणाले, "पोरगी आळशी आहे, बाकी काही नाही." बाबा टीव्हीवर बातम्या वाचायचे, भूकंपाची बातमीसुद्धा त्यांनी स्टुडिओ हलत असताना न अडखळता वाचली होती. लेकीची गाडी मात्र पहिल्याच ओळीत बंद पडायची. समुपदेशक बाईंनी वाद घातला नाही. मुद्दाम अक्षरं उलटसुलट करून छापलेला उतारा त्यांनी बाबांच्या हातात दिला. "वाचताना तिला जेवढे कष्ट पडतात, तेवढेच तुम्हाला पडतील. वाचा मोठ्यानं." बाबांनी घसा साफ केला आणि पहिल्याच शब्दाशी तीनदा झटापट केली. मागून कोणीतरी हसलं. "बाई, पोटात दुखतंय माझ्या," बाबा म्हणाले. शेजारी बसलेली लेक कुजबुजली, "बाबा, पोटदुखी मी वापरून संपवलीय, आता कोणी मानत नाही. चष्मा घरी राहिला म्हणा." बाबांनी मुकाट्यानं नाकावरचा चष्मा काढून तिच्या दप्तरात लपवला.