‘रेव्होल्यूशन’ची नोंद

इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत ‘रेव्होल्यूशन’ची नोंद नवख्या मृण्मयीला मिळाली, तेव्हापासून कुमुदताईंच्या पोटात दुखत होतं. इतकी वर्षं राबून त्यांच्या वाट्याला मात्र ‘रबर’ आणि ‘रॅट’!

तीच नोंद तपासायला त्यांच्याकडे आली. मूळ लॅटिन, अर्थ मागे वळणं; उलथापालथ नंतरची. शेवटी मृण्मयीनं लिहिलं होतं: ‘राज्यं उलथण्याआधी हा शब्द ग्रहताऱ्यांचा होता, फिरून आपल्या जागी येणाऱ्यांचा.’

चूक सापडेना. कुमुदताईंनी तांबड्या पेन्सिलीनं तेवढीच ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, ‘पाल्हाळ.’

घरी जेवताना ती ओळ त्यांनी लेकीला ऐकवली, आपली म्हणून.

“आई, काय सुंदर लिहिलंयस गं! कोशात छापून येणार ना हे?”

कुमुदताईंना जोराचा ठसका लागला.