पाठीवरचा ठिपका

"आजोबा, ही कोण?" सूर्यफुलावर बसलेल्या मधमाशीकडे बोट दाखवत नातीने विचारलं.

आजोबांनी माश्यांच्या नावांची वही चाळली. निळसर अंगाची, पांढऱ्या पायांची ही रानमाशी तीत नव्हती. तिच्या पाठीवर मात्र लाल ठिपका होता.

ओळख पटली की माशीच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, ही आजीची पद्धत. आजीला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्यानंतर वहीत एकही नवं नाव चढलं नव्हतं, बाटलीही केव्हाच वाळली होती. आणि रानमाशी जगते जेमतेम दीड महिना.

"तुझी आजी कायम माझ्या पुढेच," आजोबा कसेबसे हसले. "हिचं नाव तिलाच ठाऊक."

"मग विचारा की तिला!"

आजोबांनी बोट ठिपक्यावर अलगद टेकवलं. माशी हलली नाही.

"अय्या, आजोबा, तुमच्या बोटाला रंग लागला!"