अंगाएवढं अन्न

गुळाची काहिल उतरायची वेळ झाली आणि चौथा गडी दिसेना. काहिलीतला रस आटून सोनेरी झाला होता. आणखी थोडा वेळ चुलवाणावर राहिला असता तर गूळ करपला असता, आणि बाहत्तरच्या दुष्काळानंतरचं हे पहिलंच गुऱ्हाळ होतं. लालासाहेब हाका मारत खोपीला वळसा घालून आले. तोवर त्यांच्या बायकोनं, चंद्राबाईनं, डोक्यावरची मोळी खाली टाकली, पदर खोचला आणि काहिलीच्या कड्यातला दांडा खांद्यावर घेतला.

बाईनं काहिल उतरायची रीत नव्हती. तिघा गड्यांनी आपापले दांडे धरले. चौघांनी काहिल उचलली आणि गूळ निवायच्या वाफ्यात रिती केली. चंद्राबाईची बाजू बाकीच्या तिघांपेक्षा बोटभर वर होती. अंजनानं ते पाहिलं. ती त्यांची एकुलती एक मुलगी, सांगलीच्या शाळेत शिकवायची, आणि सुट्टीला कडेगावी घरी आली होती.

दुपारी खोपीत सगळे जेवायला बसले. चंद्राबाईनं तिसरी भाकरी घेतली तशी तिची नणंद बनुबाई म्हणाली, "वैनी, गडी हात धुऊन उठलं. तुमचं चाललंयच."

"दांडा तुमी धरला असता, तर ही तुमाला वाढली असती, वन्सं."

"आन् काल? काल दिसभर घरात बसून हुता. तवाबी तीनच."

चंद्राबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. तिनं लेकीकडं पाहिलं.

"आत्या, बसल्या जागीही अंग खात असतं," अंजना म्हणाली. "ज्याच्या दंडा-मांड्यांत मांस जास्त, त्याला अन्नही जास्त लागतं. काम नसलं तरी. झोपलं तरी. पुस्तकात आहे हे."

चंद्राबाईचा घास थांबला. "झोपंत बी?"

"झोपेत पण."

"मग झोपंत कुनी वाढत का न्हाई मला?"

लालासाहेबांना ताक पिताना ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी आपली उरलेली अर्धी भाकरी बायकोच्या ताटात टाकली. तिनं ती नको म्हटली नाही.

बनुबाईही हसली, पण तिनं आवाज खाली आणला. "हसा. पर भाईर बोलू नगा. पोरीचं जमवायचंय. आय तीन भाकरी खाती म्हटल्यावर लेकीचीबी भाकर मोजत्याल."

हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. पाहुणे आले की चंद्राबाई चतकोर भाकरीवर उठायची, आणि ते वेशीबाहेर गेले की चुलीपाशी पुन्हा ताट घेऊन बसायची. अंजनाही हे बाहेर कुणाजवळ बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाचा पाला काढताना चंद्राबाईला नाग डसला. बैलगाडी दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली.

दहाव्याला भावकी अंगणात घोंगड्यांवर बसली होती. नैवेद्य नदीवर न्यायचा होता. आत बनुबाई पत्रावळ वाढत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. हात मात्र रीतीनं चालले होते. भाताची लहानशी मूद, त्यावर वरण, वांग्याची फोड, चतकोर भाकरी.

"आत्या, हे कुणाचं पान?" अंजनानं विचारलं.

"असं काय गं इचारतीस? तुज्या आयचं."

"एवढ्यावर ती उठायची पाहुण्यांसमोर."

"पाव्हणंच बसल्यात की भाईर. सारं गाव बसलंय. बाईमानसाचं पान असंच असतंय, अंजे."

अंजनानं पत्रावळीवरची चतकोर उचलून बाजूला ठेवली. दुरडीतून तीन आख्ख्या भाकरी घेतल्या. ठेचा वाढला. कांदा फोडून ठेवला. ओझ्यानं पत्रावळ वाकली, तशी तिनं खाली आणखी एक पत्रावळ घेतली. बनुबाईनं तिचा दंड धरला, मग सोडला.

ती पान घेऊन ओसरीवर आली. भावकीतला सगळ्यात थोरला कोंडीबा पुढं होऊन पान घ्यायला आला आणि तिथंच थबकला.

"तीन? पोरी, बाईमानसाचा निवद हाय ह्यो. गड्याची न्याहारी न्हवं. कमी कर."

मागं कुणीतरी खाकरलं. दाराशी बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. लालासाहेब खांबाला टेकून उभे होते. त्यांनी पानाकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, आणि तिला पुढं जायला वाट करून दिली.

अंजना ओसरीच्या कडेला, कोंडीबासमोर येऊन उभी राहिली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा आवाज तिनं लावला.

"कमी करायचं नाही, आबा. माझ्या आईला तीन भाकरी लागायच्या. काम असलं तरी, नसलं तरी. तेवढं अंग कमावलं होतं तिनं."