कफनाचा खिसा
भूकंपाच्या चौथ्या दिवशी आमच्या शिवणकारखान्यातले गणवेश बाजूला पडले आणि मृतांसाठी पांढऱ्या पिशव्या शिवल्या जाऊ लागल्या. आई प्रत्येक पिशवीला आतून एक खिसा लावत होती. "काकू, कफनाला खिसा नसतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल!" मुकादम खेकसला. "संध्याकाळी ट्रक येतोय. एक पिशवी कमी पडली, तर उद्यापासून घरी बसा." आईने मान वर केली नाही. "खिसा मेलेल्याला नकोच आहे रे. कुणापाशी चावी सापडेल, कुणाचा चष्मा. ती वस्तू त्याच्यासोबत राहिली, तर शोधत आलेलं माणूस त्याला ओळखेल. वेळ मी जेवणाच्या सुट्टीत भरून काढते." जेवणाच्या सुट्टीची घंटा वाजली. चाळीस यंत्रांपैकी एकही थांबले नाही. प्रत्येकीच्या सुईखाली खिशाचा चौकोन होता. शेजारच्या नव्या बाईने विचारले, "कोण हो त्या?" "माझी आई," मी गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले.