एक टेबल, दोन प्रजाती

एकाच तळ्यात दोन जातींचे मासे एकमेकांना न संपवता कसे टिकतात, याची गणितं मांडणं हे बाबांचं काम. त्यामुळे अभ्यासाच्या एकुलत्या एका टेबलावरून चाललेलं माझं आणि दादाचं भांडणही त्यांनी फळ्यावरच सोडवलं. उत्तर झकास आलं: मी जमिनीवर बसले की घरात कायमची शांतता.

"आणि दादा काय सोडणार?"

"तो कुठे कुणाचं ऐकतो? म्हणून त्याला स्थिर धरलाय. बदलायचं तू."

मी टेबलावर दोन्ही कोपरं रोवून बसले. "मग आता मलाही स्थिर धरा."

बाबा बराच वेळ खडू झिजवत राहिले. "असं गणित सुटतच नाही गं."

आतून आई म्हणाली, "सुटेल. एकदा त्याला बदलून बघा."